गुरुवारचा डबा

दत्ताभाऊंचा फोन आला तेव्हा मी अकरावीच्या वर्गावर होते. तास संपवून बाहेर आले, पर्स उघडली, तर त्यांचे लागोपाठ आलेले मिस्ड कॉल. दत्ताभाऊ म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, सारिकाचा नवरा. हा माणूस मला स्वतःहून कधी फोन करत नाही; केलाच तर सारिकाच्या हातात देऊन बाजूला होतो. त्यामुळे नाव बघितल्यावर जे कळायचं ते कळलंच होतं, तरी मी स्टाफरूमच्या मागं जाऊन फोन लावला. "ताई, गेली ओ ती," ते म्हणाले. मग तोंडातून काय निघावं, तर मी विचारलं, आज वार कोणता? त्यांना वाटलं असेल, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. "बुधवार," ते म्हणाले. बुधवार... एक दिवस थांबली असती तर गुरुवारी गेली असती आणि तिला ते आवडलं असतं, असं काहीतरी वेडंवाकडं माझ्या मनात आलं. त्याला आता काही आठवडे झाले. तो विचार अजून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी यवतची, सारिका खुटबावची. दौंडच्या कॉलेजला आम्ही एकाच शटलनं जायचो. मी आधी चढून खिडकी धरायची, पुढच्या स्टेशनावर ही चढायची आणि मला कोपरानं सरकवून खिडकीत बसायची. रोज. एकदा मी हट्टानं जागची हलले नाही तर बाईसाहेब दौंड येईपर्यंत दारात उभ्या राहिल्या, पण आतल्या बाजूच्या सीटवर बसल्या नाहीत. तिला बाहेर दिसायला लागायचं. बाहेर तरी काय होतं, तीच उसाची रानं, तीच फाटकं आणि फाटकापाशी थांबलेले तेच मोटारसायकलवाले. पण ती असं बघायची की जणू आजच रूळ टाकलेत. मी चिडवायचे, तुझं लग्न एखाद्या गार्डाशी लावून देऊ. लागलं ते केंदूरच्या बागायतदाराशी, एम.ए. संपता संपता.

घर चांगलं मिळालं. हे मी उपरोधानं म्हणत नाही, खरोखरच चांगलं. शेवंती-झेंडूचं रान, फुलं मार्केट यार्डात न्यायला दारात पिकअप, सासरे आप्पा गावच्या सोसायटीत मानाचे. सारिकाला पुढं शिकायचंय म्हटल्यावर आप्पांनी कपाळाला आठी पाडली नाही. "आमची सून बिनसुईची डाक्टर व्हनार हाय," असं ते पाहुण्यारावळ्यांत तोंड भरून सांगायचे. सासूला ती आत्या म्हणायची, म्हणून मीही आत्याच म्हणते. आत्या कमी बोलायच्या आणि हात कायम कामात असायचे. मी घरी गेले की चहा पुढं करून पुन्हा चुलीकडं तोंड. बऱ्याच वर्षांत त्यांच्याशी माझं चार वाक्यांपलीकडं बोलणं झालं नव्हतं.

पीएच.डी.ला आम्ही दोघींनी बरोबरच नाव घातलं. सारिकाचा विषय होता शिरूर-दौंडकडचे आठवडे बाजार आणि तिथं येणाऱ्या बायका. आणि आमचा स्वतःचा आठवडे बाजार होता गुरुवार. गुरुवारी मला कॉलेजात तास नसायचे. ती केंदूरहून दत्ताभाऊंच्या मागं बसून शिक्रापूरला यायची, तिथनं बसनं पुण्याला, मी यवतवरनं. विद्यापीठाच्या लायब्ररीत तळमजल्यावर कॉम्प्युटरचा एक लांबडा हॉल होता. परदेशातली जर्नल्स, देशभरातले प्रबंध, जुने अहवाल, सगळं तिथल्या नेटवर उघडायचं. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की तेच पान कुलूप दाखवायचं. त्यामुळे तालुक्या-तालुक्यांतून आलेली आमच्यासारखी पोरं दिवसभर तिथं ठाण मांडून पेनड्राइव्ह भरायची. बहुतेकांना शोधायचं कसं हेच ठाऊक नसायचं. सारिकानं पहिले कितीतरी गुरुवार 'वीकली बझार' टाइप करून हात टेकले. मग एका मुलीनं तिला सांगितलं की शास्त्रातले लोक त्याला 'पिरिऑडिक मार्केट' म्हणतात. ते शब्द टाकले आणि कुठल्या कुठल्या देशांतले बाजार धबाधबा पडद्यावर आले. आफ्रिकेतल्या बाजारातल्या बायकांवरचा एक लेख वाचून तर ती खुळी झाली होती. "माधे, ह्या आपल्या पाबळच्या बाजारातल्या बायकाच हायेत गं," ती म्हणाली, "नुसती लुगडी वेगळी."

तिथंही तिला खिडकीचीच जागा लागायची, कोपऱ्यातली. त्या कॉम्प्युटरची स्पेसची कळ अडकायची, तरी तोच. दुपारी आम्ही लायब्ररीच्या मागच्या पायऱ्यांवर, बुचाच्या झाडाखाली बसून डबा खायचो. तिचा डबा तिनं स्वतः भरलेला असायचा: बाजरीची भाकरी, सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. ती फार सावकाश जेवायची. घरी कधी अशी जेवत नसणार. चटणीचं बोट चाटत समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या पोरापोरींकडं बघत बसायची, कोण कुणाशी भांडलंय, कुणाचं जुळलंय याच्या गोष्टी रचायची. मी घड्याळ दाखवून उठायला लावायचे. लेख वाचायचा असायचा, पण खरं सांगायचं तर त्या पायऱ्यांवर बसायला ती येत होती. अभ्यास हा तिकिटासारखा होता, आणि तिकीट तिनं कधी फुकट घालवलं नाही. तिची प्रकरणं माझ्याआधी लिहून व्हायची.

मग विद्यापीठानं आम्हा सगळ्या संशोधक विद्यार्थ्यांना लॉगिन दिलं. नाव, पासवर्ड टाका, मोबाइलवर आकडे येतील ते टाका, आणि जगात कुठंही बसून सगळी लायब्ररी उघडा. आमच्यातल्या कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आलं. गडचिरोलीचा एक मुलगा आमच्यात होता, तो खोलीचं भाडं भरून केवळ नेटसाठी पुण्यात राहिला होता. तो दुसऱ्या आठवड्यात गावी गेला. चांगलीच गोष्ट होती, अजूनही आहे. सारिका त्या दिवशी इतकी हरखली होती की तिनं घरी जाऊन ओट्यावर आप्पांना बसवलं, फोन हातात घेतला आणि एकेक दार उघडावं तशी लायब्ररी उघडून दाखवली. हा बघा इंग्लंडातला अंक, हे बघा शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक. आप्पा बघत राहिले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लय ब्येस झालं बाई. आता उन्हातान्हाचं पुन्याला हेलपाटं मारायचं कारन न्हाई उरलं."

हे तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा हसत सांगितलं. मीही हसले. पुढच्या गुरुवारी तिची जागा रिकामी होती.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की मला हसू येतं आणि लगोलग राग येतो. तिनं घरी सांगितलं, इथं रेंज येत नाही, पान अर्ध्यात अडकतं. आठवड्याच्या आत दत्ताभाऊंनी गच्चीवर वायफायचा डबा बसवून घेतला. फोनचा पडदा लहान, दोन रकान्यांचं पान डावी-उजवीकडं सरकवून डोळे दुखतात, म्हणाली, लॅपटॉप आला. दिवसा थ्री-फेजच्या वेळा बदलतात, लाइट जाते, म्हणाली, इन्व्हर्टर आला. घरात गोंगाट फार, लक्ष लागत नाही, म्हणाली. आप्पांनी गवंडी बोलावला आणि गच्चीवर तिच्यासाठी खोली बांधली. गुलाबी रंगाची. खोलीत टेबल, खुर्ची, पंखा. तिनं शेवटचा उपाय म्हणून गाइडना सांगून असे जुने अहवाल यादीत घातले जे कुणी स्कॅन केलेलेच नव्हते, कागदावरच होते. लायब्ररीतल्या तत्पर माणसांनी ते स्कॅन करून तिला मेलवर पाठवून दिले आणि खाली लिहिलं, अजून काही लागल्यास कळवा. गाइडसुद्धा महिन्यातून एकदा मोबाइलवरच भेटू लागले, म्हणाले, एवढ्या लांबून कशाला येता? जो तो तिच्यासाठी काहीतरी करत होता. प्रत्येकानं मनापासून एकेक वीट आणली आणि भिंत चढत गेली.

त्यात आणखी एक झालं. घरात बाई ऑनलाइन आहे म्हटल्यावर गाव तिच्या गच्चीवर लोटलं. कुणाला सातबारा काढून हवा, कुणाच्या पोरीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा, कुणाला कांद्याचा भाव बघायचा. कॉलेजातल्या पोरी यायच्या, त्यांना ती प्रोजेक्टसाठी लेख शोधून द्यायची, शोधायचं कसं ते शिकवायची. त्या पोरी तिला आवडायच्या. पण त्या आपापल्या स्कुटीवर यायच्या आणि स्कुटीवर जायच्या. ती गच्चीच्या कठड्याशी उभी राहून त्यांना वळणापर्यंत बघायची, हे तिनंच मला सांगितलं.

एकदा मी फोनवर फार भडकले. म्हटलं, तू ही कारणं कसली देत बसतेस? सरळ सांग की मला आठवड्यातनं एक दिवस बाहेर पडायचंय. तिच्या मागं कुठंतरी मोटर चालू होती, तिचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, "काय सांगू? घरातनं भायेर जायचंय, आसं? मग ते इचारतील, घरात काय वाईट हाय? आन् वाईट काहीच न्हाई गं, माधे. मारत न्हाईत, बोलत न्हाईत. मागंल ते देतात. कुनाच्या नावानं रडू?" नवरा दारुडा असता, सासू खाष्ट असती तर मी तिला पळवून आणलं असतं, एवढा माझा आवाज मोठा आहे. इथं भांडायला समोर कुणीच नव्हतं. तिचं लिहिणंही मग मंदावत गेलं. लॅपटॉपवर लेखांचे ढीग साठत होते, ती उतरवून घ्यायची आणि वाचायची नाही. माझा प्रबंध जमा झाला. तिचं शेवटचं प्रकरण, बायका बाजाराला का जातात हे, लिहून झालं नव्हतं. विकणं-विकत घेणं सोडून त्या आणखी कशासाठी येतात, हे तिला पुराव्यानिशी मांडायचं होतं आणि तसा पुरावा कुठल्याच देशातल्या लेखात सापडत नाही, अशी तिची तक्रार होती.

मग पोटात गाठ निघाली. कॅन्सर. पुण्याच्या दवाखान्यात दर आठवड्याला औषध चढवायचं ठरलं. वार कोणता सोयीचा, असं डॉक्टरांनी विचारल्यावर दत्ताभाऊ मार्केटचे दिवस आठवत होते, तेवढ्यात ही म्हणाली, गुरुवार. दवाखान्यातनं सुटल्यावर अंगात त्राण असेल त्या दिवशी ती पिकअप लायब्ररीकडं वळवायला लावायची. दत्ताभाऊ बिचारे झाडाखाली गाडी लावून स्टिअरिंगवर डोकं टेकायचे. ही डोक्याला स्कार्फ बांधून, भिंतीला धरत हॉलमध्ये यायची. आता गुरुवारी मला तास असायचे, तरी मीही कॉलेजातनं सुट्टी टाकून यायचे. हॉल आता रिकामा असायचा. पोरं सगळी आपापल्या गावी, आपापल्या फोनवर. कोपऱ्यातला कॉम्प्युटर ती सुरू करायची, काहीतरी उघडायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. पहिल्या वेळी मी शेजारी खुर्ची ओढली तेव्हा ती माझ्याकडं वळली. तोंडात औषधाचे फोड आलेले, बोलायला त्रास व्हायचा. "गुरुवार परत मिळाला बघ," ती म्हणाली. "कुनी... न्हाई म्हनलं न्हाई."

ती हसत होती. मला ते हसू सहन झालं नाही. मी पाणी आणते म्हणून उठले आणि जिन्याखाली जाऊन रडले. आमची शेवटची भेट तिथलीच. निघताना तिनं स्पेसची कळ बोटानं दोनदा दाबून पाहिली, ती अडकलीच. "हिला कुनी दुरुस्त न्हाई केलं," म्हणाली, आणि का कोण जाणे, तिला त्याचं बरं वाटलं.

दहाव्याला मी केंदूरला गेले, पण त्या गर्दीत काही कळलं नाही. गर्दी ओसरल्यावर एका गुरुवारी पुन्हा गेले. आप्पा मला गच्चीवरच्या खोलीत घेऊन गेले. टेबल पुसलेलं, लॅपटॉप झाकलेला, वायफायचा हिरवा दिवा लुकलुकत होता. आप्पा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. हा भारदस्त माणूस इतका खचलेला मी पाहिला नव्हता. म्हणाले, "ताई, तुमी तिच्या जवळच्या. खरं सांगा. आमी तिला कशाची कमी केली का?"

मला किती बोलायचं होतं. वर्षानुवर्षं साठवलेलं ओठांवर आलं होतं. त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं आणि म्हटलं, "कशाचीच नाही, आप्पा." ते खरं होतं. त्यांना धीर आला असावा, ते मान हलवून खाली गेले. मी मात्र त्या गुलाबी खोलीत उभीच राहिले. दार उघडं होतं, कुणी अडवलेलं नव्हतं, आणि पाय निघत नव्हता.

तेवढ्यात आत्या वर आल्या. हातात सारिकाचा डबा होता, तोच, स्टीलचा, झाकणाला पोचा आलेला. त्यांनी तो टेबलावर ठेवला. मी बघत राहिले तशा त्या पदरानं हात पुसत म्हणाल्या, "गुरवारी ती डबा भरायची. पुन्याला जानं बंद झालं तरीबी. सकाळी चांगली साडी नेसायची, पर्स घ्यायची, डबा घ्यायची आन् जिन्यानं वर यायची. दुपारी आमी खाली जेवायला हाका मारल्या तरी येत नव्हती. इथं बसून एकटी डबा खायची." खाली कुणाला ऐकू जाईल अशी भीती असल्यासारखा त्यांचा आवाज बारीक झाला. "ह्यान्ला वाटायचं, अभ्यास हाय. मला कळत व्हतं... पन मी काय म्हननार?" ती गेल्यापासून दर गुरुवारी आत्याच तो डबा भरून वर आणून ठेवतात. घरात सगळे समजतात, नैवेद्य आहे. मी त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, "ती कुठं जाऊन बसायची, ते मला एकदा दाव."

पुढच्या गुरुवारी दत्ताभाऊंनी त्यांना शिक्रापूरला बसमध्ये बसवून दिलं आणि मी पुण्यात उतरवून घेतलं. नवं लुगडं, घट्ट बांधलेला अंबाडा, हातात पिशवी. घरी काय सांगितलं, असं मी विचारलं. "डोळं दावायचेत म्हनलं," आत्या म्हणाल्या. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून दवाखाना, लग्नकार्य आणि मयत यांशिवाय त्या कधी गावाबाहेर गेल्या नव्हत्या, हे मला त्या दिवशी बोलता बोलता कळलं. शिपायाला मी सांगितलं, माझी आत्या आहे. हॉलमध्ये एकच मुलगा लांब कुठंतरी बसला होता. मी त्यांना कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. त्या काठावर टेकल्या, मग जरा मागं सरकल्या. पडद्यावर चौकट आली होती. हे काय विचारतंय, म्हणाल्या. म्हटलं, नाव विचारतंय. "नाव न सांगता बसता येत न्हाई व्हय?" येतं की, मी म्हटलं. मग त्या पडद्याकडं पाठ करून खिडकीबाहेर बघत बसल्या, बराच वेळ, तिच्यासारख्याच.

दुपारी आम्ही मागच्या पायऱ्यांवर गेलो. बुचाची फुलं पडली होती. आत्यांनी पिशवीतनं तो पोचा आलेला डबा काढला, मधे ठेवला आणि आधी मला भाकरी मोडून दिली. सावकाश जेवत होत्या. समोरनं दोन पोरी मोठमोठ्यानं हसत गेल्या, तर त्या दिसेनाशा होईपर्यंत आत्यांनी मान वळवून बघितलं. मी सवयीनं घड्याळ पाहिलं, कारण शेवटच्या सोयीच्या बसला तिथनं वेळेत निघावं लागतं. ते त्यांनी ओळखलं. चटणीचं बोट तोंडाशी तसंच थांबलं.

"डोळं तपासाय किती येळ लागतो?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, औषधाचे थेंब टाकून बसवून ठेवतात. दोन-तीन तास सहज जातात.

आत्यांनी डब्याचं झाकण बाजूला सरकवलं आणि पाय जरा लांब केले.

"मग बसू," त्या म्हणाल्या.